तळपायाचा निरोप

साताऱ्याला राजवाड्यावरून भाजी घेऊन आम्ही परत येत होतो. आप्पांच्या एका हातात मेथीच्या जुड्या, दुसऱ्या हातात मिटलेली छत्री, पाऊस नुकताच थांबलेला. मोती चौक मागे पडला आणि मागून एक पोरगं पळत आलं. "ओ आजोबा, चप्पल!" त्याच्या हातात आप्पांची डाव्या पायाची स्लीपर होती. चौकातच कुठंतरी निसटलेली. तिथून इथपर्यंत आप्पा एका पायात चप्पल आणि दुसरा पाय उघडा असे, ओल्या डांबरावरून, बारीक खडीवरून, बोलत बोलत चालत आले होते. चप्पल निसटण्यात नवल काही नाही, पावसाळ्यात कुणाचीही निसटते. मला टोचत राहिलं ते त्याच्या पुढचं. पोरगं "चप्पल" म्हणालं तेव्हा आप्पांनी आधी मान खाली घालून पायांकडे बघितलं. आधी उजवा, मग डावा. आपल्या पायात चप्पल आहे की नाही, हे त्यांना डोळ्यांना विचारावं लागलं.

पोराला त्यांनी पाच रुपये देऊ केले, ते त्याने घेतले नाहीत. घरी येईपर्यंत आप्पा मेथी किती महाग झाली यावरच बोलत होते.

आप्पांची उभी हयात एसटीत गेली, स्टिअरिंगवर. शाळेला सुट्टी लागली की मी कधीमधी त्यांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून जायचे. तेव्हाच्या गाड्यांत इंजिन आत, ड्रायव्हरच्या डाव्या अंगाला असायचं. उन्हाळ्यात त्याची धग पोटरीला लागायची, तापलेल्या रेक्झिनचा आणि डिझेलचा वास डोक्यात बसायचा. मी त्यांच्या हातांकडे बघायचे, कारण हातच दिसायचे. पण गाडी ते पायांनी चालवायचे. क्लच कुठं धरतो ते तळव्याला कळलं पाहिजे, असं ते नव्या पोरांना सांगायचे. ब्रेकची हवा कमी झाली, डांबर संपून मुरूम लागला, मागं माणसं दाबून भरली, हे सगळं त्यांना पायातून वर समजायचं आणि पाय आपला आपणच त्यावर काहीतरी करायचा. "डोकं मोकळंच असतं," म्हणायचे. ते खरं नव्हतं, आणि खोटंही नव्हतं. डोक्याच्या मागच्या बाजूला, मानेच्या वर जो लहान मेंदू असतो, तो वजनाने सगळ्या मेंदूच्या जेमतेम दहावा हिस्सा. पण मेंदूतल्या सुमारे 8600 कोटी चेतापेशींपैकी 6900 कोटींच्या आसपास एकट्या त्याच्यात आहेत. पाय किती दाबायचा, कधी सोडायचा, तोल कुठं जातोय, हा हिशेब तो करत बसतो आणि आपल्याला त्याचा पत्ता लागू देत नाही. आप्पांचं डोकं मोकळं असायचं ते या अर्थाने.

पसरणी घाटातली एक सकाळ मला अजून अंगावर येते. दाट धुकं, वायपर खरवडत चाललेले, आणि वळणावर एकदम म्हैस. गाडी थांबली तेव्हा म्हशीची शिंगं काचेच्या खाली गेलेली, दिसेनाशी. आप्पा म्हणाले, गाडी आपोआप थांबली. पुढे कधीतरी कुतूहलाने मी त्या "आपोआप"चा माग काढला. म्हैस डोळ्यात शिरली, पण ती दिसली डोक्याच्या पार मागच्या भागात. तिथून बातमी पुढे सरकत कपाळाच्या बाजूला आली, थांबायचं ठरलं. पायाला हुकूम देणारी जागा मेंदूच्या दोन अर्धगोलांच्या मधल्या फटीत, आतल्या भिंतीवर आहे. तिथून हुकूम निघाला, मेंदूच्या देठाशी डावीकडचा उजवीकडे वळला, मज्जारज्जूतून कमरेपर्यंत उतरला, आणि तिथून दुसऱ्या चेतापेशीने तो पोटरीपर्यंत पोचवला. सगळ्याला मिळून अर्धा सेकंद धरा. ताशी 36 किलोमीटरने चाललेली गाडी तेवढ्यात 5 मीटर पुढे जाते, आणि ब्रेक लागायला सुरुवात होते ती त्यानंतर. त्या 5 मीटरात म्हैस नव्हती हे आमचं नशीब.

मग ते दुसरं सुरू झालं, ज्यावर कुणाचाच ताबा नसतो. तोंड कोरडं, तळहाताला घाम, छातीत धाडधाड. अनुकंपी चेतासंस्था असं शाळेच्या पुस्तकात नाव होतं, परीक्षेला पाठ केलं आणि विसरले. पाचगणीला पोचून चहा घेतल्यावर छाती निवली आणि मला सडकून भूक लागली. ती परानुकंपीची पाळी. मेंदूच्या देठातून निघणारी व्हेगस नावाची चेता हृदयाला हळू हो म्हणते आणि पोटाला कामाला लावते. आप्पांनी तिथं कांदाभजी मागवली. त्यांना भूक नेहमीच लागलेली असायची.

चपलेच्या त्या प्रकारानंतर त्यांना शुगरच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी नायलॉनचा एक ताठ धागा काढला, दांडीला बसवलेला. तो तळव्याला टेकवून दाबायचा. वाकला की बरोबर 10 ग्रॅमचा दाब पडतो. "डोळे मिटा, आणि लागलं की हो म्हणा." आप्पा पलंगावर आडवे, पाय माझ्याकडे. अंगठ्याखाली टेकवला, आप्पा म्हणाले, हो. करंगळीखाली, हो. टाचेला, हो. एका लयीत चाललं होतं. मग डॉक्टरांनी हात तसाच हवेत धरून ठेवला, कुठंच टेकवला नाही. तेवढाच वेळ गेल्यावर आप्पा म्हणाले, "हो."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

नंतर एक मोठा कंपनकाटा आला, सेकंदाला 128 वेळा थरथरणारा. अंगठ्याच्या सांध्यावर ठेवला, काही नाही. घोट्यावर ठेवला, काही नाही. नडगीवर, गुडघ्याच्या जरा खाली ठेवल्यावर आप्पांचा चेहरा उजळला. "हां, आता स्टार्ट झाली!" घोट्यामागे हातोडीने ठोकलं, पाऊल हललं नाही. गुडघ्याला ठोकल्यावर पाय थोडा उडाला. या उडण्यात मेंदूचा सल्ला नसतो. स्नायू ताणला गेल्याची बातमी मज्जारज्जूत जाते आणि तिथल्या तिथे उलट हुकूम येतो, मध्ये फक्त एक जोड. घोट्याचा जोड मज्जारज्जूत शाबूत होता, त्याच्याकडे बातमीच येत नव्हती.

आप्पांचा प्रश्न सरळ होता. शुगर रक्तात आहे, रक्त सगळ्या अंगात फिरतं, मग पायच का? डॉक्टरांना घाई होती, बाहेर बाकं भरलेली. घरी जेवताना मी मला समजलं तसं सांगितलं. पायाच्या अंगठ्याला जे कळतं ते कळवणारी पेशी अंगठ्यात राहत नाही. तिचं घर कमरेत, मणक्याच्या शेजारच्या एका गाठीत. घर मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढं असेल नसेल, पण तिचा एक धागा तिथून मांडीच्या मागून, पोटरीतून थेट अंगठ्यापर्यंत, जवळजवळ एक मीटर लांब. मध्ये कुठं सांधा नाही, एकच पेशी. त्या टोकाला लागणारं बहुतेक सगळं सामान वर कमरेत तयार होतं आणि धाग्याच्या आतून वाहून न्यावं लागतं. जलद सामान दिवसाला जास्तीत जास्त 40 सेंटिमीटर सरकतं, म्हणजे अंगठा गाठायला अडीच दिवस. सांगाड्याचं जड सामान दिवसाला एक-दोन मिलिमीटर, त्याला दीड ते पावणेतीन वर्षं लागतात. वाढलेल्या साखरेने पेशीची ताकद कमी होते, तिला रक्त पुरवणाऱ्या बारीक नळ्याही खराब होतात, आणि मग सर्वांत लांबचं टोक आधी सुकतं. म्हणून आधी बोटं, मग पाऊल, मग घोटा, मोजा जिथपर्यंत येतो तिथपर्यंत. बधिरपणा गुडघ्याच्या आसपास पोचला की हाताच्या बोटांना सुरुवात होते, कारण तिथपर्यंतचं अंतर साधारण तेवढंच भरतं.

आप्पांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला, ऐकून घेतलं. "म्हणजे मुक्कामाची गाडी," म्हणाले. "डेपोत डिझेलची बोंब झाली, की शेवटच्या गावची फेरी आधी बंद. आमच्याकडं हेच व्हायचं. गावठाणातल्या फेऱ्या चालूच असायच्या, त्यामुळं डेपोत बसलेल्याला वाटायचं सगळं ठीक आहे."

मला याहून चांगलं सांगता आलं नसतं.

आई मध्येच तव्यावरची भाकरी हाताने उलथत होती. तिचा हात भाजत नाही असं लहानपणी मला वाटायचं. भाजतो. माझं बोट तव्याला लागलं तर मज्जारज्जू मेंदूला न विचारता हात मागे ओढतो, चटका नंतर समजतो. तिचाही ओढला असता. पण वरून मेंदूचा निरोप आधीच गेलेला असतो की थांब, भाकरी आहे. इतक्या वर्षांत बोटांची कातडीही निबर झालेली. मज्जारज्जूला असं दटावता येतं, हे मला त्या प्रतिक्षिप्त क्रियेपेक्षा मोठं वाटतं. पुस्तकात मात्र हात झटकन मागे घेणाऱ्या मुलाचंच चित्र असतं, भाकरी थापणारी बाई कधी दिसत नाही.

आप्पांना वेगाचं भारी वेड, म्हणून त्यांना हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. चेतांतून जाणारा निरोप इतका जलद की तो मोजताच येणार नाही, असं त्याच्या काळातले मोठे मोठे लोक मानत. त्याने 1850 च्या सुमारास बेडकाच्या पायाची चेता घेतली, एकदा स्नायूच्या जवळ आणि एकदा लांब विजेचा झटका दिला आणि दोन वेळांतला फरक काढला. उत्तर आलं सेकंदाला साधारण 27 मीटर. गुणाकार आप्पांनीच केला, ताशी 97 किलोमीटर. "एवढंच?" ते जरा नाराज झाले. माणसातले चरबीचं जाड वेष्टन असलेले धागे ताशी 400 च्याही वर जातात, हे ऐकून बरं वाटलं. आणि सर्वांत हळू, उघडे, बारीक धागे? सेकंदाला एखादा मीटर. पायी चालणाऱ्या माणसाचा वेग.

ठेच लागल्यावर हे दोन्ही वेग आपल्याला स्वच्छ कळतात, फक्त आपण तिकडे बघत नाही. उंबऱ्यावर अंगठा आपटला की आधी एक तीक्ष्ण, नेमकी कळ येते. मग एक रिकामी जागा. त्या जागेत आपल्याला पक्कं माहीत असतं की आता खरं दुखणार आहे, आपण ओठ दाबून धरतो, आणि मग ती दुसरी, जाड, पसरणारी वेदना पायी चालत येऊन पोचते. आई गं हे बहुतेक त्या मधल्या जागेतच तोंडातून निघतं. अलीकडे आप्पांचा अंगठा पलंगाच्या पायाला आपटलेला मी बघितला. आवाज मला ऐकू आला. त्यांनी फक्त मागे वळून पलंगाकडे बघितलं.

आणि एवढं असून रात्री त्या पायांची आग होते. हा अन्याय त्यांना अजून पटत नाही. ज्या पायाला चप्पल निसटलेली कळत नाही, त्याला रात्री अकरानंतर निखारे कुठून लागतात? दुखावलेले बारीक धागे मरायच्या आधी स्वतःहून बोलू लागतात, खाली काही घडलेलं नसताना निरोप पाठवतात, आणि मेंदू बिचारा प्रत्येक निरोप खरा धरतो. आप्पा उठतात, पांघरूण बाजूला करून शहाबादी फरशीवर तळवे टेकवून बसतात. आई चोळून देते. चोळल्याने बरं वाटतं याचं कारण मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी 1965 साली मांडलं होतं: स्पर्शाचे जाड धागे जागे झाले की मज्जारज्जूतली वेदनेची वाट अरुंद होते. तपशील पुढे बदलले, मूळ कल्पना टिकली. पण आप्पांचे ते जाड धागेच गेलेले. आई चोळत राहते तरी. त्याचा उपयोग कुणाला होतो हे मी विचारत नाही.

डॉक्टरांनी एमसीआरची, म्हणजे मऊ रबराची, चप्पल लिहून दिली होती. दुकानात ती हातात घेतल्यावर आप्पांचा चेहरा उतरला. "ही तर महारोग्यांची चप्पल." दुकानदार गप्प राहिला. मला एकदम आमच्या शाळेची मागची भिंत आठवली, निळ्या रंगात लिहिलेली: न खाजणारा, न दुखणारा फिकट चट्टा. तेव्हा मला कळायचं नाही की न दुखणाऱ्या गोष्टीला एवढं का भ्यायचं. स्टँडवर ॲल्युमिनियमचा वाडगा घेऊन बसणारी माणसं असायची, हातांना चिंध्या गुंडाळलेल्या, आणि आजी माझा दंड धरून मला लांबून न्यायची. बोटं झडतात, असं सांगायची. बोटं झडत नाहीत. हॅन्सनने 1873 साली नॉर्वेत शोधलेला तो जंतू चेतांच्या वेष्टनात घर करतो, अंगाच्या थंड जागी, म्हणजे कोपरापाशी, घोट्यापाशी, चेहऱ्यावर. पुढचं नुकसान माणूस स्वतःच्या हातांनी करून घेतो, कारण हात काही कळवत नाहीत. हे नीट पाहिलं वेल्लोरच्या डॉ. पॉल ब्रँड यांनी, 1946 नंतरच्या वर्षांत. बोटं नेमकी कशाने जातात हे ते एकेका रुग्णामागे लागून शोधत होते. चुलीतला बटाटा हाताने काढणारे, अडलेली किल्ली जोर लावून फिरवताना बोट हाडापर्यंत कापून घेणारे, रात्री झोपेत उंदीर बोट कुरतडत असताना जागे न होणारे. उंदरांसाठी त्यांनी रुग्णांना मांजरं दिली. पायांसाठी पुढे तिथूनच मऊ रबराच्या चपला आल्या.

म्हणजे आप्पा म्हणाले ते खरंच होतं, चप्पल त्यांचीच. आजीने ज्यांच्यापासून मला दूर ओढलं, त्यांच्या पायांवरून शिकलेलं शहाणपण आता माझ्या बापाच्या पायात येणार होतं. हे मी दुकानात बोलले नाही. मागच्या बाजूला पट्टा असलेली, निसटणार नाही अशी जोडी घेतली आणि पैसे दिले.

रात्री त्यांचे तळवे तपासायचं काम मी गावी असले की माझं, नसले की आईचं. आपण वडिलांच्या पाया पडतो तेव्हा हात लागतो तो पावलाच्या वरच्या भागाला, तळवा कुणी बघत नाही. पहिल्यांदा मी टॉर्च घेऊन बसले तेव्हा आप्पांनी पाय आखडून घेतला. "असू दे, असू दे." लाजले होते. टाचांना कोरड्या भेगा, कारण घामाच्या ग्रंथींना जाणारे धागेही सुकलेत. बोटांच्या बेचक्यांत बघायचं, नखांच्या कडा बघायच्या, हाताच्या पाठीने ऊब बघायची. एका लग्नाहून आल्यावर त्यांच्या बुटात ज्वारीचा दाणा सापडला, अक्षतांतला, कुंकवाने लाल झालेला. मुहूर्तापासून पंगतीपर्यंत, पंगतीपासून घरापर्यंत ते त्या दाण्यावर उभे होते. तळव्यावर पाणी भरलेला फोड आला होता. मी दाणा त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून तो नीट बघितला आणि म्हणाले, "जोंधळा चांगला होता."

आंघोळीला आता स्टूल ठेवलंय. डोक्यावर पाणी घेताना डोळे मिटले की त्यांचा तोल जायचा. सरळ उभं राहायला डोळे, कानाच्या आतलं यंत्र आणि पायातून येणारी खबर, या तिघांतले दोघे तरी लागतात. त्यांच्याकडे एक गेलेलाच, साबणाने दुसराही गेला की राहतं काय? स्टुलाचं त्यांनी मुकाट्याने ऐकलं.

गाडीचं ऐकत नाहीत. धाकट्या भावाची गाडी दारात असते आणि आप्पा कुणाला न सांगता किल्ली घेऊन वाईपर्यंत जाऊन येतात. मी विचारलं, ब्रेकवर पाय आहे की ॲक्सिलरेटरवर, हे कसं समजतं? "गुडघ्यावरून," म्हणाले. पायाचा कोन गुडघ्याला आणि खुब्याला कळतो, तिथल्या फेऱ्या अजून चालू आहेत. उत्तर हुशारीचं आहे आणि पूर्ण खोटं नाही, म्हणूनच मला त्याची भीती वाटते. त्यांच्या अंगात जे काही कसब होतं त्यातलं हे एकच शिल्लक आहे, तेही मला माहीत आहे. किल्ली लपवून ठेव असं भाऊ म्हणतो, पण स्वतः लपवत नाही. परवा मी त्यांच्या शेजारी बसून लिंब फाट्यापर्यंत गेले. गाडी त्यांनी चांगली चालवली. मी सगळा रस्ता त्यांच्या उजव्या पायाकडे बघत होते, आणि माझ्या लक्षात आलं की अधूनमधून तेही बघतायत.

लायसन्सची मुदत पुढच्या वर्षी संपते. मेडिकलचा कागद लागतो, तो आणायला ते मलाच सांगणार. त्यासाठी काय काय तपासतात याची मी आधीच चौकशी करून ठेवली आहे. डोळे बघतात, रंग ओळखता येतात का बघतात, ऐकू येतं का विचारतात. चप्पल काढायला कुणी सांगत नाही.